सीटची कड

"ही गाडी चालवणारा मानूस बसत नव्हता," चाचा म्हणाले.

गाडी त्यांच्या दुकानासमोर लावून मला पाच मिनिटंही झाली नव्हती. इंजिनाकडे, पत्र्याकडे, रंगाकडे त्यांनी ढुंकूनही पाहिलं नव्हतं. ड्रायव्हरच्या बाजूचं दार उघडलं, मी टाकलेली सतरंजीची घडी बाजूला केली आणि सीटच्या उजव्या कडेवरून अंगठा फिरवला, एवढंच. लुगड्याचा पोत बघताना आई फिरवायची तसा.

"अहो चाचा, पंचवीस वर्षं रोज चालवली अण्णांनी," मी जरा फणकाऱ्यानंच म्हटलं.

"चालवली असंल की. बसले न्हाईत म्हनतोय. हात लावून बघा."

मी हात लावला. स्टिअरिंगच्या समोरची जागा, जिथं माणूस प्रत्यक्ष बसतो ती, अजून ठणठणीत होती. रेक्झीनचा रंग उडाला होता, पण चीर कुठं नव्हती. दाबलं तर स्प्रिंगा हात वर ढकलत होत्या. आणि तिथून उजवीकडं वीतभर सरकलं की सगळा जीर्णोद्धाराचा मामला. कडेची पायपिंग गेलेली, आतली दोरी दाराकडं लोंबणारी, रेक्झीनच्या चिंध्या, त्यातून डोकावणारा काथ्या.

चाचांनी समजावून सांगितलं ते असं. माणूस बसला की त्याचं वजन सरळ खाली जातं, ते स्प्रिंगा वाटून घेतात. तो तासन्‌तास बसला तरी वरच्या रेक्झीनला फारसा त्रास नाही. त्रास होतो घसरण्यानं. गाडीत शिरताना माणूस आधी कडेवर टेकतो आणि मग आत सरकतो; उतरताना सरकत कडेवर येतो आणि तिच्यावर भार देऊन उठतो. दोन्ही वेळा सगळं वजन चार बोटांच्या त्या पट्टीवर, तेही घासत. सीट झिजते ती या चढण्या-उतरण्यानं.

मग ते मागच्या दाराकडं गेले. मागच्या सीटवर त्यांनी पंजा टेकवला आणि तो खाली खाली जात राहिला. वरचं रेक्झीन मात्र जवळजवळ नवं.

"हितं बसल्यात लोकं. लई बसल्यात." त्यांनी हात काढून घेतला, सीट वर आली नाही. "पुढचा बसला न्हाई आनि मागचे उठले न्हाईत. असं हाय बघा तुमच्या गाडीचं."

मी काही बोलले नाही. पन्नास वर्षांत आमच्या घराचं इतकं नेमकं वर्णन कुणी केलं नव्हतं.

अण्णा मिरजेत डॉक्टर होते. मिरज हे मोठ्या हॉस्पिटलांचं गाव. पण बेडग, आरग, म्हैसाळ, मालगाव, एरंडोली या बाजूच्या वाड्या-वस्त्यांवर रात्री-अपरात्री बोलावणं आलं की जाणारा साधा फॅमिली डॉक्टर वेगळा. अण्णा तो होते. आधी सायकल, मग स्कूटर, आणि १९७५ साली ही गाडी. कागदावर प्रीमियर पद्मिनी, पण आमच्याकडं आणि सगळ्या पेठेत 'डॉक्टरांची फियाट'. गाडीचं बारसं होऊन तेव्हा एकच वर्ष झालं होतं. वालचंद हिराचंदांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स काढली, मुंबईत कुर्ल्याच्या कारखान्यात इटलीच्या फियाटशी करार करून गाड्या बनू लागल्या. त्यातली ११०० ही गाडी इथं इतकी रुळली की पुढं तिचं नाव आधी प्रेसिडेंट आणि १९७४ पासून पद्मिनी झालं, तरी लोकांनी फियाट सोडलं नाही. १०८९ सीसीचं इंजिन, गिअर स्टिअरिंगच्या दांड्यावर, आणि पुढं या दारापासून त्या दारापर्यंत सलग एकच बाक. नोंदणी करून वर्षानुवर्षं नंबराची वाट बघायचे ते दिवस. नंबर लागला तेव्हा आईनं दाराशी लिंबू ठेवलं, अण्णांनी ते चिरडलं आणि तशीच गाडी बेडगच्या रस्त्याला लावली, कारण तिकडून निरोप आला होता.

पुढच्या बाकावर तीन माणसं सहज मावायची. पण अण्णांच्या शेजारी बसायची ती बॅग. व्हिजिटची, तपकिरी कातड्याची, पितळी कडीची. मी, भाऊ आणि आई मागं. बॅग मागं का नाही, हे आम्ही कधी विचारलं नाही. ती हाताशी लागायची, एवढं कारण पुरेसं होतं. अण्णा उतरताना डावा हात मागं नेऊन तिला आपल्याबरोबर ओढून घेत आणि दोघं एकाच दारानं बाहेर पडत.

रविवारी आम्ही नरसोबाच्या वाडीला जायचो. वाटेत कुणीतरी हात करायचंच. "डॉक्टर, जरा पोराला बघता का?" अण्णा "आलोच" म्हणून उतरायचे. त्यांचं 'आलोच' म्हणजे दहा मिनिटंही असे आणि दीड तासही. गाडी रस्त्याच्या कडेला बाभळीखाली उभी, काचा उतरवलेल्या, उसाच्या वाऱ्याची गरम झुळूक, आणि आम्ही तिघं मागं. भाऊ मला चिमटे काढायचा, मी आईच्या मांडीवर डोकं ठेवायची, आई विणत बसायची. तिचे कितीतरी स्वेटर त्या मागच्या सीटवर पुरे झालेत. कुणीतरी घरातून ताक आणून द्यायचं, कुणी गुळाचा खडा. परत आल्यावर अण्णा आरशातून मागं बघत आणि विचारत, "कंटाळलात का?" आई म्हणायची, "छे, बसलोय की."

बसलोय की. चाचांच्या पंजाखालून वर न आलेली ती स्प्रिंग.

चाचांचा धंदा 'कुशन'चा. सोफा, बस, ट्रकच्या केबिन, ट्रॅक्टरच्या गाद्या, डेंटिस्टची खुर्ची, काहीही. कारागिरी मात्र ते मुंबईत शिकले, टॅक्सीवर. काळ्या-पिवळ्या टॅक्सी म्हणजे तेव्हा बहुतेक याच गाड्या. "टॅक्सीत उलटं," ते सांगत होते. "ड्रायव्हर दिवसभर बूड हलवत न्हाई. तेची कड नवीन. मागची डावी कड मात्र सहा महिन्यात जाती. सगळं पॅशिंजर तिकडनं." मुंबईत माणसं फूटपाथच्या बाजूनं चढतात-उतरतात, म्हणून डावी. एका नजरेत त्यांना कळायचं, गाडी टॅक्सीची की घरची, आणि घरची असेल तर घरात कोण चालवतं, कोण मागं बसतं.

वीस वर्षांच्या मर्यादेत बसेनात म्हणून ऑक्टोबर २०२३ मध्ये मुंबईच्या रस्त्यावरून शेवटची पद्मिनी टॅक्सी गेली. त्याच्या आधीच कितीतरी टॅक्सी भंगारात निघाल्या होत्या. त्यांच्या सीटच्या स्प्रिंगा चाचांनी जमेल तशा गोळा करून ठेवल्या होत्या. दुकानाच्या माळ्यावर गंजू नयेत म्हणून तेल लावून, गोणपाटात बांधून. "नवीन मिळत्यात, पन त्येंच्यात जीव न्हाई," म्हणाले. स्प्रिंगेत जीव म्हणजे दाबल्यावर परत यायची खोड.

सीट उघडायचं काम मी स्टुलावर बसून पाहिलं. पुढचा बाक रुळांवरून बोल्ट काढून सोडवला. मागची सीट तर नुसती पुढून वर उचलली की हातात येते. मग ती उताणी घातली. रेक्झीनची खोळ सांगाड्याच्या तारेला लोखंडी रिंगांनी अडकवलेली असते, एकेक रिंग पकडीनं पिळून काढावी लागते. शंभराच्या वर असतील. दुकानातला पोरगा त्या मोजून डब्यात टाकत होता. खोळीखाली कापसाचा पातळ थर, त्याखाली काथ्याची जाड गादी, रबराचा चीक फवारून एकजीव केलेली. तिच्याखाली गोणपाट आणि मग स्प्रिंगा.

"ह्यो गोनपाट कशाला सांगा," चाचांनी परीक्षा घेतली.

मला येईना.

"स्प्रिंगंचं तोंड गादीत घुसू नये म्हनून. ह्येला कुनी बघत न्हाई, ह्येचं नाव कुनी घेत न्हाई. ह्यो गेला की दोन वर्सात स्प्रिंग गादी खाती."

आमचा गोणपाट उंदरांनी मागच्या सीटमध्ये जागोजाग कुरतडला होता. गाडी अलीकडं सात वर्षं ताडपत्रीखाली उभी होती, अण्णा गेल्यापासून. त्याच्या आधीही ते चालवेनासे झाल्यावर महिन्यातून एकदा सुरू करायची एवढंच.

पुढच्या सीटच्या काथ्यात एक चीज सापडली. बोटाच्या पेराएवढी पातळ लोखंडी पट्टी, एका कडेला बारीक दाते. पोरगा भंगार म्हणून फेकणार होता, मी घेतली. इंजेक्शनच्या काचेच्या अँप्युलची मान कापायची ती कानस. तेव्हा औषधाच्या खोक्यातून ती मिळायची. अण्णा ती दोनदा फिरवत आणि टिचकी मारून मान मोडत. बॅगेतून निसटून ती कडेच्या फटीत गेली असणार आणि पुढची कित्येक वर्षं त्यांच्याच मांडीखाली बसली असणार.

रेक्झीन हा शब्द आपण इतका मराठी करून टाकलाय की तो कुणाच्या तरी कंपनीचं नाव होता याची आठवणही नाही. मँचेस्टरजवळच्या हाइड गावात ती कंपनी होती. कापडावर सेल्युलोज नायट्रेटचा लेप देऊन कातड्यासारखं दिसणारं कापड ती बनवायची. आपल्याकडं हल्ली मिळतं ते पीव्हीसीचं, म्हणजे सगळं वेगळं, तरी रेक्झीनच. डनलॉपचंही तसंच. त्या कंपनीतल्या ई. ए. मर्फी यांनी १९२९ साली रबराच्या चिकाला फेस आणून फोम तयार केला आणि आपल्या घराघरातली मऊ गादी, कोणत्याही कंपनीची असो, डनलॉपची झाली. फियाट, रेक्झीन, डनलॉप. वस्तू बदलत गेली आणि नाव जागेवर बसून राहिलं. नावाला चढ-उतर नाही, म्हणून झीज नाही.

पीव्हीसी मुळात कडक असतं. पाण्याच्या नळाचा पाइप आणि सीटचं रेक्झीन यांची जात एकच. मऊपणा यावा म्हणून त्यात तेलासारखं द्रव्य मिसळतात, प्लास्टिसायझर. ते रेक्झीनशी कायमचं बांधलेलं नसतं. उन्हानं गाडी तापली की ते थोडं थोडं उडून जातं आणि वर्षानुवर्षं असं झालं की रेक्झीन ताठरतं, तडकतं. उडालेलं द्रव्य काचेवर आतून बसतं. मला एकदम आठवलं: दर रविवारी वाडीला निघण्याआधी अण्णा पुढची काच आतून जुन्या 'केसरी'च्या कागदानं पुसायचे. एक धुरकट, तेलकट थर असायचा. आम्हाला वाटायचं धूळ. ती सीटच होती, थोडी थोडी निघून काचेवर येणारी. अण्णा आठवड्याला थोडी सीट पुसून टाकत होते.

डोक्याच्या तेलानंही रेक्झीन बिघडतं. मागच्या सीटच्या पाठीवर डावीकडं एक कडक, काळपट वर्तुळ होतं. चाचांनी त्यावर नख मारलं, टक्‌ आवाज आला. "खोबरेल," ते म्हणाले. ते आईचं डोकं. तिथं ती टेकून झोपायची, विणकाम मांडीवर.

दुसऱ्या दिवशी त्यांनी मागच्या सीटची खोळ उसवली आणि मला बोलावणं पाठवलं. खोळीचा मागचा भाग, जो पाठीखाली दडपलेला असतो आणि कुणालाच कधी दिसत नाही, तो उलगडून त्यांनी बाकड्यावर पसरला होता. वीतभर रुंदीची, सीटभर लांबीची पट्टी. रंग मरून. ताज्या डाळिंबाच्या दाण्यासारखा, गडद.

मी म्हटलं, "ही आमच्या गाडीची नाही."

माझ्या आठवणीतली सीट विटकरी होती, उन्हात तापून मांडीला चिकटणारी, फिकट विटकरी. शाळेत असताना गाडीचं चित्र काढलं तेव्हा आत विटकरी खडू घासल्याचं मला स्वच्छ आठवतं. लाल रंग उन्हाला सगळ्यात आधी शरण जातो. पुढच्या काचेतून दिवसभर ऊन येत होतं, पुढची सीट काही वर्षांतच विटली आणि मी तिलाच मूळ समजले.

घरी येऊन आईला विचारलं. आई आता ब्याऐंशी वर्षांची. कालचं विसरते, पण हे विचारल्यावर तिनं वरही पाहिलं नाही.

"मरूनच होती. माझ्या शालूच्या काठाची."

"मग विटकरी कधी झाली?"

"पुढची झाली असेल. मागची नव्हती झालेली एवढी. तू सारखी पुढं बघायचीस."

आता प्रश्न होता काय करायचं. गावातल्या एका झगमगीत दुकानात मी आधी जाऊन आले होते. तिथं त्यांनी नव्या गाड्यांचे कव्हर दाखवले, दोन रंगी, चकचकीत, मध्ये कंपनीचं चिन्ह. "जुनं सगळं काढून टाकतो मॅडम, संध्याकाळपर्यंत शोरूम करून देतो." पुण्याच्या भावाचं मत आणखी सोपं: विकून टाक, हौशी लोक चांगले पैसे देतात. त्याच्या ओळखीच्या एका हौशी माणसानं फोनवर सल्ला दिला की, काहीही करा पण मूळ मरून रंगात नवी खोळ शिवा, कारखान्यातून आली तशी. आणि पन्नास वर्षं झालीच आहेत तर व्हिंटेज म्हणून नोंदवा.

तो नियम मी वाचून काढला. २०२१ पासून पन्नास वर्षांपुढच्या गाडीला वेगळी नोंदणी मिळते, पाटीवर 'व्हीए' अक्षरं येतात. अट एवढीच की चासी, बॉडी आणि इंजिन यांत मोठे बदल नकोत. सीटबद्दल त्यात काही नाही. गाडीला सांगाडा, कातडं आणि हृदय मूळचं हवं, मांडीखाली काय आहे याच्याशी सरकारला कर्तव्य नाही. पण आणखी एक अट होती. अशी गाडी रोजच्या वापराला चालत नाही. प्रदर्शनाला, रॅलीला, पेट्रोल भरायला आणि दुरुस्तीला तेवढी रस्त्यावर आणायची. म्हणजे आईला फिजिओथेरपीला न्यायचं तर नाही. मी साध्या नोंदणीचंच नूतनीकरण करून घेतलं. ज्या गाडीतून अण्णा दिवसाला पंधरा वेळा उतरले, तिनं आता फक्त मिरवायला उतरायचं, हे मला पटेना.

चाचांना मी विचारलं, "तुम्ही काय कराल?"

ते बराच वेळ खोळीकडं बघत राहिले. "झिजल्यालं ऱ्हाऊ द्यावं," म्हणाले. "फाटल्यालं न्हाई."

हा फरक मला आधी लक्षात आला नव्हता. झीज म्हणजे वस्तू वापरणाऱ्याच्या अंगाप्रमाणं होत जाणं. ती मध्येच थांबवता येते, तशीच ठेवून पुढं वापरता येते. फाट मात्र थांबत नाही. एकदा चीर गेली की प्रत्येक बसण्याला ती वाढते, आणि ठेवायचं म्हणून ठेवलं तर आठवणीच्या नावाखाली आपण नुसती हेळसांड करत असतो. झीज आणि फाट यांत माझी इतकी वर्षं गल्लत होत होती, आणि ती फक्त सीटच्या बाबतीत नव्हती. अण्णांबद्दलच्या काही गोष्टी मी फाट समजून उरी बाळगल्या होत्या. माझ्या मॅट्रिकच्या निकालाला ते नव्हते, आईच्या ऑपरेशनच्या दिवशी ते सलगऱ्याला होते. चाचांच्या बाकड्याशी उभी असताना वाटलं, फाटलं तर काही नव्हतं. आई कधी विलग झाली नाही, आम्ही कधी दुरावलो नाही. एक कड झिजली होती, आणि ती ज्या दिशेला लोकांची दारं होती त्या दिशेची होती.

तेव्हा ठरलं ते असं. पुढच्या सीटचं विटलेलं रेक्झीन आहे तसं ठेवायचं. उजव्या कडेच्या चिंध्या कापून काढायच्या आणि तिथं मागच्या सीटची ती दडलेली मरून पट्टी लावायची. उन्हापासून दूर राहिल्यानं ती अजून मऊ होती. चाचांनी दुमडून पाहिली, तडा गेला नाही. आणि मागच्या खोळीला, कुणाला दिसणार नाही तिथं, नवं रेक्झीन जोडायचं. दिसणाऱ्या जागी जुनं, न दिसणाऱ्या जागी नवं. झगमगीत दुकानाच्या बरोबर उलट.

"रंग जुळनार न्हाई हं ताई," चाचांनी बजावलं. "विटकरीला मरून कड. लोक म्हनतील ठिगाळ हाय."

"आहेच की," मी म्हटलं.

काम आठ दिवस चाललं. आधी स्प्रिंगा. मागच्या सीटमधल्या पाच खचल्या होत्या, त्या काढून माळ्यावरच्या पाच घातल्या. तारेच्या ब्रशनं सांगाड्याचा गंज काढून रेड ऑक्साईडचा हात दिला. नवा गोणपाट ताणून बांधला. मुंबईच्या कुठल्या तरी टॅक्सीत हजारो लोकांच्या खाली दबलेल्या आणि तरी परत वर येणाऱ्या त्या स्प्रिंगा आता आमच्या वाट बघण्याच्या जागेखाली बसल्या. काथ्याची गादी मात्र जुनीच राहिली. खड्डा पडला होता तिथं नव्या काथ्याचा पातळ थर आणि वर कापूस.

शिवण बघण्यासारखी होती. रेक्झीनला टाका मोठा घालावा लागतो. कापडासारखा बारीक घातला तर सुईची भोकं इतकी जवळ पडतात की ताण आल्यावर पोस्टाच्या तिकिटासारखं तिथूनच फाटतं. "शिवन कधी फाटत न्हाई," चाचा म्हणाले, "शिवनीशेजारचं फाटतं. लई घट्ट शिवलं की." कडेच्या ठिगळाखाली आधी जाड कापडाचं अस्तर चिकटवलं, मग नवी पायपिंग मध्ये धरून जिथं मशीन पोचतं तिथं मशीननं, आणि जिथं जुन्या खोळीला जोडायचं तिथं हातानं. वाकडी सुई, नायलॉनचा मेणचट दोरा, आणि प्रत्येक टाका जुन्याच भोकातून. नवं भोक पाडलं तर जुनं रेक्झीन तिथून दगा देणार. म्हणून चष्मा नाकावर ओढून, एकेक भोक शोधत, पन्नास वर्षांपूर्वी कुणीतरी मशीनवर भराभर मारलेल्या टाक्यांतून ते सावकाश परत गेले.

खोळ गादीपेक्षा किंचित लहान असते. तशीच हवी, नाहीतर सुरकुत्या पडतात. ती चढवायला ऊन लागतं. भर दुपारी बारा वाजता चाचांनी खोळ दुकानासमोर पत्र्यावर पसरली. अर्ध्या तासात रेक्झीन नरमलं. मग दोघांनी दोन बाजूंनी धरून ती गादीवर ओढली, गुडघ्यानं दाबून, आणि पोरानं एकेक रिंग पिळून बसवली. ज्या उन्हानं तिचा रंग नेला, तेच तिला चढवायला कामाला आलं. संध्याकाळी गार झाल्यावर ती तबल्याच्या पुडीसारखी ताणून बसली.

अण्णांची कानस मी त्यांना परत दिली आणि म्हटलं, ही कडेच्या आत कुठंतरी ठेवा. त्यांनी मान हलवली. "टोचंल. लोखंड गादीत नको." बरोबरच होतं. ती आता माझ्या शिवणाच्या डब्यात आहे.

गाडी घेऊन घरी आले तेव्हा आई ओट्यावर बसली होती. तिला मी पुढचं डावं दार उघडून दिलं. ती तिथंच उभी राहिली.

"तिथं बॅग असते," ती म्हणाली.

"आता नाही."

तिनं आधी सीटला पाठ करून टेकलं, मग हातानं एकेक पाय उचलून आत घेतला. बसल्यावर तिनं इकडं तिकडं पाहिलं, समोरच्या काचेकडं पाहिलं, आणि गंमत वाटल्यासारखी म्हणाली, "इथून रस्ता केवढा मोठा दिसतो गं."

वाटेत मी तिला चाचांचं ते वाक्य सांगितलं. पुढचा बसला नाही, मागचे उठले नाहीत. वाटलं, डोळे पुसेल. ती हसली. "बसून राहायचं असतं तर डॉक्टर कशाला झाले असते?" आणि थोड्या वेळानं, "पण माझे स्वेटर झाले ना सगळे."

चाचांनी मला निघताना एक शिस्त लावून दिली होती: उतरताना घासत उतरायचं नाही. दाराला हात धरायचा, अंग उचलायचं, मग पाय बाहेर. पहिले पंधरा दिवस मी ती पाळली. नंतर घाई झाली की आपोआप घसरते. मरून कडेवर आता बारीक चकाकी यायला लागली आहे, तिथं बोट फिरवलं की कळते.

परवा सर्व्हिसिंगहून येताना सहज चाचांच्या दुकानाशी थांबले. त्यांनी सवयीनं उजवी कड पाहिली, काही बोलले नाहीत. मग गाडीला वळसा घालून डावं दार उघडलं. बॅगेच्या दिवसांत त्या दारानं क्वचितच कुणी चढ-उतर केली होती. डावी कड कारखान्यातून आली तशीच्या तशी कोरी राहिली होती. वाकून त्यांनी तिच्यावरून अंगठा फिरवला, थांबले, परत फिरवला.

"हिकडनं कोन चढतंय आता?" त्यांनी विचारलं.